आत्याची मूठ

"हात लावलाच नाही मी त्याला!"

"हात नाही लावलास. कंबर लावलीस."

"कंबर? कंबरेचा कधी फाऊल असतो का?"

"इतरांचा नसतो. तुझी कंबर तुझ्या आधी पोचते."

"आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"शिट्टीच्या."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माझा धाकटा भाऊ गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. समोर आमची आत्या केळं सोलत होती आणि त्याचबरोबर त्याचीही सालटी काढत होती. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती, म्हणजे ऐकत होती. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे तेही ऐकत होते.

भावाला सगळे खांब्या म्हणतात. कॉलेजात त्याच्याएवढं उंच कुणी नाही. दारातून आत येताना तो आधी मान घालतो, मग बाकीचा येतो. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तो सेंटर, म्हणजे रिंगखाली उभं राहून येईल त्याला अडवायचं आणि पडेल तो चेंडू उचलायचा. या खेळात एकाच सामन्यात पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. आणि खांब्या ते पाच फाऊल असे उरकायचा, जसं काही घरी गॅस चालू राहिलाय. शेवटच्या, चुरशीच्या क्षणाला संघ मैदानात जीव काढत असायचा आणि आमचा खांब्या बाकावर टॉवेल पांघरून बसलेला.

"कोचसर काय म्हणाले ते सांग ना तिला," आई ओट्याकडे बघतच म्हणाली.

"काही नाही म्हणाले."

"म्हणाले की," आत्याने केळ्याचा घास घेतला. "मला भेटले दुकानात. म्हणाले, मॅडम, तुमच्या भाच्याला मी खेळाडू म्हणून घेतलाय, पाहुणा म्हणून नाही. आला, बसला, गेला. पुढच्या सामन्यात असंच झालं तर दुसरा उभा करीन."

खांब्याने बर्फाची पिशवी टेबलावर आपटली. "मग शिकव ना! नुसतं चुका काढायला काय जातं?"

"चुका काढायचंच तर काम आहे माझं," आत्या म्हणाली. पण साल डब्यात टाकून आल्यावर तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि आपादमस्तक म्हणजे त्याच्या बाबतीत बराच प्रवास असतो. "उद्यापासून. आणि रडायचं नाही."

आत्या दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी, रविवारी बास्केटबॉलची रेफरी असते. या दोन नोकऱ्या एकत्र सांगितल्या की लोक हसतात, आणि तिला ते पाठ आहे. प्रत्येक सामन्यात गर्दीतून कुणीतरी ओरडतंच, "रेफरी, चष्मा लाव!" मग ती टाइमआउटमध्ये त्या दिशेला वळून शांतपणे सांगते, "दुकान दहाला उघडतं." एकदा असाच ओरडणारा एक जण खरंच आला होता. नंबर निघाला त्याचाच.

लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणते, "दोन्ही बाजू बघून घ्यायची सवय लागली, वेळ संपली." घरात पत्ते खेळताना तिच्या शेजारी कुणी बसत नाही. ती फसवत नाही, आणि दुसऱ्याला फसवू देत नाही, त्यामुळे मजाच जाते. लहानपणी खांब्या आणि मी भांडलो की ती हाताने खूण करून निकाल द्यायची. तिचे हात ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे. दूधवाला रांगेत कुणाला आधी देऊ लागला की आत्याची मूठ आपोआप डोक्यावर जाते. बंद मूठ सरळ वर, म्हणजे फाऊल. दूधवाल्यालाही आता ते कळतं.

शिकवणी सुरू झाली ती आमच्या घरातल्या बोळात. बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधली ती चिंचोळी जागा. आत्याने खांब्याला मधोमध उभं केलं, हात सरळ वर करायला लावले आणि स्वतः धुतलेल्या कपड्यांची बादली पोटाशी धरून त्याच्या अंगावर चालून गेली.

"हलायचं नाही. वाकायचं नाही. तुझ्या पायाखालची फरशी तुझी, आणि तिच्यावरची हवा छतापर्यंत तुझी. शेजारच्याच्या हवेत हात घालायचा नाही."

"बादली लागली!"

"मग फाऊल माझा. बघ, किती छान वाटतं."

दुसऱ्या फेरीला खांब्याने बादली येताना बघून हात खाली आणला. आत्याने तोंडाने शिट्टी वाजवली. आई बाथरूममधून ओरडली, "मी बाहेर येऊ का, की माझाही फाऊल होईल?"

चार-पाच दिवसांत त्याला सवय लागली आणि मग नको तेवढी लागली. बसमध्ये कुणी जवळ आलं की खांब्याचे हात वर. लिफ्टमध्ये हात वर. बँकेत तर रखवालदाराने घाबरून विचारलं, "काय झालं? कुणी काही म्हणालं का तुम्हाला?" शेवटी कोचसरांचा फोन आला.

"मॅडम, मुलाला काय शिकवलंत? रिंगखाली नुसता शरण आल्यासारखा उभा राहतो. काल चेंडू याच्या डोक्यावर पडून बाहेर गेला."

"फाऊल किती झाले?"

"एकही नाही."

"मग अर्धं काम झालं," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

उरलेलं अर्धं काम तिने दुकानात केलं. खांब्याचं खरं दुखणं तिने मैदानावर कितीदा पाहिलं होतं. समोरचा खेळाडू चेंडू उचलून फेकल्याचं नाटक करायचा, आमचा भोळा खांब झाडासारखा उन्मळून वर उडायचा, आणि मग खाली येताना त्याच्याच अंगावर. शिट्टी.

म्हणून शनिवारी तिने त्याला दुकानात, काचेच्या कपाटाशेजारी, एका स्टुलावर बसवलं. स्टूल लहान, खांब्या मोठा. गिऱ्हाइकं आधी त्याच्याकडेच बघत.

"काय करायचं?"

"येणारं माणूस शेवटी कुठली फ्रेम घेणार ते ओळखायचं. मला हळूच सांगायचं."

एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. सोनेरी फ्रेम डोळ्यांना लावली, आरशात बघितलं, मान डोलावली, "अगदी हीच" म्हणाल्या. खांब्या कुजबुजला, "सोनेरी."

बाई काळी, जाड फ्रेम घेऊन गेल्या.

"कसं काय?"

"तू तोंड बघत होतास. तोंड म्हणत होतं सोनेरी. पाय कुठे होते? पहिल्यापासून काळ्या फ्रेमच्या कपाटाकडे. पोटही तिकडेच. माणूस डोळ्याने खोटं बोलतो, मानेने बोलतो, हाताने तर सर्रास बोलतो. पण पोट घेऊन एकीकडे आणि पाय घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. मैदानात पोरगा चेंडू दाखवेल, डोकं हलवेल. तू त्याच्या बेंबीकडे बघ. तो उडाला तर तू उड."

"आणि गिऱ्हाइकाने मला त्याच्या पोटाकडे बघताना पकडलं तर?"

"तर म्हण, बेल्ट छान आहे."

दुपारपर्यंत खांब्या चारातली तीन गिऱ्हाइकं बरोबर ओळखू लागला. संध्याकाळी दुकानाच्या मालकाने विचारलं, हा मुलगा नोकरीला येईल का, वरच्या फळीवरच्या फ्रेम काढायला शिडीही वाचेल.

आणि गंमत म्हणजे, ते लागू पडलं. पुढच्या सामन्यात खांब्या शेवटपर्यंत मैदानात होता. त्याच्यापुढच्या सामन्यातही. आम्ही घरचे बघायला गेलो तेव्हा आई मधेच म्हणाली, "अजून आहे का रे तो? बरा आहे ना?" कॉलेज उपांत्य फेरीत गेलं. कोचसर दुकानात आले, चष्मा नको असताना चष्म्याची दोरी घेऊन गेले.

त्याच आठवड्यात संघटनेच्या सचिवांचा फोन आला. आत्या उभी राहूनच बोलली. "हो सर... हो... मुलांची? सर, परत सांगता का?... हो, मुलांची."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली.

हे समजायला तिची एक गोष्ट माहीत हवी. तिचं हे मैदानावरचं शेवटचं वर्ष. पन्नाशी झाली की संघटनेत शिट्टी काढून घेतात आणि टेबलामागची खुर्ची देतात. इतक्या वर्षांत तिला मुलांची फायनल एकदाही मिळाली नव्हती. मुलींची मिळायची. मुलांची म्हटली की तिसऱ्या क्रमांकाची मॅच, जिथे दोन्ही संघांचे चेहरे आधीच पडलेले असतात. फायनलसाठी दर वेळी एखादे मिशीवाले सर यायचे, ज्यांना पळताना धाप लागायची. ती कधी तक्रार करत नसे. फक्त त्या दिवशी घरी भांडी जरा मोठ्याने वाजायची.

"म्हणजे फायनल तुझी!" बाबांनी पेपर खाली ठेवला. ही मोठी घटना होती.

आनंद झाला, हसणं झालं, आणि मग आईचा झारा हवेतच थांबला.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी ती आत्याला ताई म्हणते, काही बोचणारं बोलायचं असलं की वन्सं. "फायनलला आपला खांब्या गेला तर?"

रक्ताच्या नात्यातला खेळाडू असला तर रेफरी त्या सामन्यात उभी राहू शकत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळेच तर खांब्याला आत्याची शिट्टी फक्त बोळात ऐकायला मिळायची.

"गेला तर गेला," आत्या म्हणाली. "मी प्रेक्षकांत बसेन. वेफर्स खाईन."

"तुला चालेल?" खांब्याने विचारलं.

"उद्या सकाळी बोळात ये. डाव्या हाताचं बघायचंय. तुझा उजवा हात सुधारला, डावा अजून चोर आहे."

आणि ती खरंच थांबली नाही. उलट जोर वाढवला. चेंडूसाठी उडताना खांब्याचा डावा हात शेजारच्याच्या कमरेवर हळूच टेकतो, हे तिने शोधून काढलं होतं. तो हात तिने त्याला स्वतःच्याच टीशर्टात कोंबून उड्या मारायला लावलं. कपाटावरून चेंडू टाकायचा, एका हाताने झेलायचा. दोन बल्ब गेले. आई आम्हाला सांगायची, "बघा, स्वतःच्या पानातलं वाढतेय त्याला," आणि आत्या आत आली की म्हणायची, "बल्ब कोण आणणार?"

उपांत्य सामना भर दुपारी, बंदिस्त हॉलमध्ये झाला. लाकडी फरशीवर बुटांच्या किंचाळ्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, गरम हवा. आत्या आमच्यात बसली ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. प्रेक्षकांत ती नेहमी अशीच बसते. हात मोकळे असले की ते ड्यूटीवर जातात.

मैदानात शिट्टी होती टाचणीकडे. टाचणी म्हणजे सडपातळ, तरतरीत तरुण रेफरी, आत्याच्याच हाताखाली शिकलेला. त्याला शिकवताना ती कडेला उभी राहायची आणि तो निर्णय देण्याआधी तिच्याकडे एक नजर टाकायचा. ती सवय मोडायला तिने त्याला एकदा पाठमोरं उभं राहून दाखवलं होतं. मोडली नव्हती.

खांब्या सुंदर खेळला. समोरच्या पोराने चेंडू दाखवला, मान हलवली, सगळं नाटक केलं, आणि आमचा खांब्या त्याच्या पोटाकडे बघत नुसता उभा. "बेल्ट बघतोय," मी म्हटलं. आत्या हसली, पण डोळे मैदानावर. तरी फाऊल होतच गेले. दोन न टळणारे, एक नशिबाचा, एक आळसाचा. चार. कोचसरांनी त्याला बाकावर घेतलं, नखं खाल्ली, आणि शेवटच्या मिनिटांना परत पाठवलं. आम्ही निसटते पुढे होतो.

मग ते झालं. त्यांचा सगळ्यांत चपळ पोरगा रिंगकडे घुसला, उडाला. खांब्या त्याच्या बरोब्बर नंतर उडाला आणि उजव्या हाताने चेंडू असा अडवला की अख्खा हॉल उठून उभा राहिला. आई माझ्या पाठीत गुद्दे मारत होती. बाबा शिट्टी मारत होते, जी त्यांना येत नाही.

टाचणी चुकीच्या बाजूला होता. त्याला पाठी दिसत होत्या, हात दिसत नव्हते. शिट्टी त्याच्या ओठांत होती, गाल फुगलेले, आणि वाजवू की नको हे ठरत नव्हतं. त्याची नजर वर आली. आमच्याकडे.

आत्या उभी होती. उजवी मूठ डोक्यावर, सरळ, बंद.

शिट्टी वाजली. पाचवा फाऊल. खांब्या बाहेर गेला, त्या पोराने फाऊलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो आत टाकले, आणि आम्ही हरलो.

आत्याने स्वतःच्या मुठीकडे बघितलं, ती खाली आणली, बसली आणि मूठ मांडीखाली ठेवली. आता काय उपयोग.

घरी आल्यावर आईने पर्सही खाली ठेवली नाही.

"वन्सं, तुम्ही घरच्या की बाहेरच्या?"

"वहिनी, फाऊल होता."

"होता तर होता! शिट्टीवाल्याने पाहिला नव्हता ना? जगात एवढे फाऊल होतात, सगळ्यांना तुम्ही मूठ दाखवत फिरता का?"

"फिरते," बाबा म्हणाले. एका नजरेने गप्प झाले.

"आई, लागला होता हात," खांब्या बूट सोडत म्हणाला. "डावा. मला लगेच कळलं होतं."

"तू तर बोलूच नकोस! साथ आलीय का घरात खरं बोलायची?"

दुसऱ्या दिवशी टाचणी दुकानात आला. खिशात हात, खांदे पडलेले. "मॅडम, मी तुमच्याकडे बघायला नको होतं."

"नव्हतंच बघायचं," आत्या काच पुसत म्हणाली. "आणि उभा कुठे होतास? मागच्या रेषेवर हवा होतास. तिथून डावा हात आरशासारखा दिसला असता."

"पण तुम्ही तर वर बसून..."

"मला डोळे आहेत. तुला पाय आहेत. वापर."

संध्याकाळी सचिवांचा फोन आला. फायनलमध्ये आता भाचा नाही, म्हणजे अडचणही नाही. आत्या म्हणाली, "विचार करून सांगते, सर." आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिने विचार करून निर्णय दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. रेफरीने विचार केला की चेंडू पुढे जातो, असं तीच सांगते.

दोन दिवस ती विचार करत होती. डाळीत मीठ दोनदा पडलं. दुकानात एका माणसाला बायकोचा चष्मा बांधून दिला, आणि तो छान दिसतो म्हणाला तर बदलूनही दिला नाही. आईचा राग तोवर उतरणीला लागला होता. ती मला हळूच म्हणाली, "फायनलला नाही गेली ना ही, तर मी हिला घरात ठेवणार नाही."

शेवटी खांब्याच तिच्या खोलीच्या दारातून वाकून आत गेला.

"सचिवांना होय म्हण."

"तुझ्या संघातली पोरं काय म्हणतायत?"

"काही नाही."

"खांब्या."

"म्हणतायत, तुझ्या आत्याला फायनल हवी होती, म्हणून मूठ वर गेली."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, तिला ओळखता का तुम्ही? ती दूधवाल्याला सोडत नाही." तो तिच्या पलंगावर बसला, पलंग कुरकुरला. "जा ना, आत्या. तू नाही गेलीस तर ते खरं वाटेल सगळ्यांना. आणि परत एखादे मिशीवाले सर येतील. मला त्यांच्या हातून फायनल बघवणार नाही."

आत्याने सचिवांना फोन केला. "येते," एवढंच म्हणाली.

फायनलच्या दिवशी घरात लग्नघरासारखी गडबड. आईने आत्याचा राखाडी शर्ट इस्त्री केला, मग घडी पसंत पडली नाही म्हणून परत केला. बाबांनी बूट पुसले. खांब्याने बॅग भरायचं अंगावर घेतलं आणि तिच्यात एवढी केळी भरली की आत्याने विचारलं, सामना आहे की सहल. ती आरशासमोर उभी राहून केस घट्ट बांधत होती. शर्टात ती एकदम उंच दिसत होती, म्हणजे खांब्याच्या कोपराएवढी.

"काय गं बाई, नवरी दिसतेय," आई म्हणाली.

"नवरीला एवढं पळावं लागत नाही, वहिनी."

सगळे हसले. खांब्याही हसला. बॅग तिच्या हातात देताना मात्र ती त्याने लगेच सोडली नाही.

"आत्या, एक विचारू? राग नाही येणार?"

"विचार."

"मी पोरांना सांगितलं ते सांगितलं. पण मलाच रात्री झोपताना येतं मनात." तो खाली बघून हसला, थोडं चिडवत, थोडं घाबरत. "तुझे दोन्ही हात मांडीखाली होते. मी फ्री थ्रोच्या वेळी वर बघायचो ना, तेव्हा दर वेळी होते. मग तो एकच... तो आपोआप वर आला, की तू आणलास?"

आई इस्त्री बंद करायचं विसरली. बाबांनी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. आत्याने त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, जसं ती दोन खेळाडू एकाच चेंडूला धरून बसले की बघते तसं.

मग तिने बॅग त्याच्या हातातून घेतली, खांद्याला अडकवली, बुटाची एक नाडी वाकून पुन्हा बांधली, आणि दार उघडून जिना उतरू लागली.